रेलवरची तांब्याची तार

वडिलांना त्या भागात सगळे तारमास्तर म्हणायचे. शाळेत ते कधी शिकवायला गेले नव्हते. पण जुन्या घराच्या भिंतीला नुसता हात लावून तार कुठून गेली असेल ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं, म्हणून मास्तर. त्यांची मुलगी त्यांच्याच हाताखाली वायर सोलायला शिकली, आणि पुढे तिने सोलरचा कोर्स केला तेव्हा त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

"उन्हाला कसली वायरिंग करतेस गं?" ते म्हणाले.

पण लायसन्स तिच्या नावावर आलं, कामं येऊ लागली, आणि घराच्या दारावर मास्तरांच्या नावाच्या पाटीखाली तिची पाटी लागली. ती पाटी त्यांनी स्वतः, पाणसळ लावून ठोकली.

सुरुवातीला कामाची वाटणी आपोआप झाली. छतावरचं तिचं, जमिनीतलं त्यांचं. अर्थिंगचा खड्डा कुठे घ्यायचा, सळई किती खोल ठोकायची, माती कोरडी असेल तर काय करायचं, हे ते बघायचे. "करंटला घरी जायची वाट करून ठेवायची," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, "नाहीतर तो पाहुण्यासारखा कुणाच्याही अंगावर येऊन बसतो." गिऱ्हाईक हसायचं. मुलगी वरून ओरडायची, "बाबा, गप्पा पुरे, खाली तार सोडतेय!" दोघांचं छान चाललं होतं.

मग जमीन खणायचं काम त्यांच्या कमरेला झेपेना आणि ते छतावर येऊ लागले. तिथे त्यांचं पटेना.

पॅनलची चौकट अ‍ॅल्युमिनियमची असते आणि ज्या लांब रेलवर पॅनल बसतात त्याही अ‍ॅल्युमिनियमच्या. दोन्हींवर एक पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर असतो. तो धातू खराब होऊ देत नाही, पण वीजही अडवतो. त्यामुळे चौकट रेलवर कितीही आवळली तरी विजेच्या दृष्टीने त्या दोन्ही वेगळ्याच राहतात. आत कुठे तार सोलली गेली आणि करंट चौकटीत उतरला, तर पॅनल पुसायला आलेल्या माणसाच्या हातालाच तो लागणार. म्हणून मुलगी प्रत्येक चौकटीखाली बारीक दातांची स्टीलची क्लिप घालायची. बोल्ट आवळला की दात त्या थरात रुततात, चौकट आणि रेल जोडली जाते, आणि रेलपासून एकच जाड तार खाली सळईपर्यंत नेली की झालं.

मास्तरांना ही क्लिप कधी पटली नाही. "तार दिसत नाही आणि म्हणे अर्थिंग झालं," ते पुटपुटायचे. तिने मीटर लावून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, पण ती मीटरला, क्लिपला नाही.

बेकरीचं काम निघालं तेव्हा ती आधीच वैतागलेली होती. वीज कंपनीचा इन्स्पेक्टर दुपारी येणार होता, एक इन्व्हर्टर सकाळपासून रुसून बसला होता, आणि भट्टीच्या धुराड्याशेजारी उभं राहून अंगाची लाही होत होती. ती खाली विजेच्या बोर्डाचं काम उरकून वर आली तर मास्तरांनी पहिली पूर्ण रांग आपल्या पद्धतीने सजवून ठेवली होती. कानशीने प्रत्येक चौकटीचा थर खरवडून, त्यावर उघडी तांब्याची तार गुंडाळून, स्क्रू मारून ती पुढच्या चौकटीला नेली होती. काम देखणं होतं. प्रत्येक वेढा सारखा.

"बाबा, हे काय केलंत?"

"अर्थिंग. आता सगळी रांग एका तारेत आली. ओढून बघ."

"तांबं थेट अ‍ॅल्युमिनियमला लावायचं नसतं. पाणी लागलं की जोड सडतो. किती वेळा सांगितलं तुम्हाला!"

"आयुष्यभर तांबंच लावलं मी. कुणाला कधी झटका बसला?"

बेकरीवाला जिन्याच्या तोंडाशी उभा होता. तो हसला. "मास्तरांनी काम वाढवून ठेवलं वाटतं," म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नसावं. पण ते हसू तिला झोंबलं, आणि जे तिने घरी, निवांत, चहा पिताना सांगायला हवं होतं ते ती तिथे सगळ्यांसमोर बोलून गेली.

"बाबा, हे काम आता तुम्हाला समजत नाही. तुम्ही घरी जा. मला निस्तरू द्या."

रेल उचलणारे दोघे गडी खाली बघू लागले. मास्तरांनी कानस पुसली, पक्कड पिशवीत टाकली, आणि शिडीच्या दोन्ही कडा धरून सावकाश उतरले. ती शिडी नेहमी ती धरायची. त्या दिवशी ती पाठ फिरवून तारा कापत राहिली.

संध्याकाळी घरी त्यांनी विचारलं, "इन्स्पेक्टर काय म्हणाला?"

"पास केलं."

"छान झालं."

एवढंच. आवाजात राग नव्हता, म्हणून विषय मिटला असं तिने धरलं. तसं धरणं सोयीचं होतं. पुढच्या कामाला तिने त्यांना हाक मारली नाही. थोडे दिवस जाऊ देत, मग बोलावू, असं तिच्या मनात होतं. मग कामांची रीघ लागली, थोड्या दिवसांचे महिने झाले, आणि तेही कधी "येऊ का?" म्हणाले नाहीत.

एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातून रेझर गळून पडला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा समजत सगळं होतं, पण तोंडातून "हं" सोडून काही निघत नव्हतं.

त्यानंतर बेकरीवाल्याने वार्षिक तपासणीसाठी बोलावलं. ती एकटीच वर गेली. मीटरचं एक टोक रेलला, दुसरं चौकटीला, असं एकेक करत सगळ्या रांगा तपासल्या. सगळ्या क्लिपा चोख होत्या. मग पाण्याच्या टाकीआड, पहिल्या रांगेच्या अगदी टोकाला, तिला मास्तरांच्या तारेचा एक तुकडा दिसला. त्या दिवशी तिच्या नजरेतून सुटलेला. वेढे अजून सारखेच होते, पण तांबं हिरवं पडलं होतं, खाली अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली होती. तिने बोट लावलं तसा जोड निखळून हातात आला.

म्हणजे तिचंच बरोबर होतं. टाकीच्या सावलीत ती तो तुकडा धरून बसून राहिली. आपलं चुकलं असतं तर किती सोपं झालं असतं, असं तिला वाटलं. धावत जाऊन पाय धरता आले असते. बरोबर असल्याची माफी कशी मागतात, हे तिला कळेना.

घरी येऊन ती त्यांच्या खाटेशेजारी बसली आणि खोटं बोलली.

"बाबा, बेकरीवर जाऊन आले. तुमची एक तार राहिली होती तिथे. अजून तशीच आहे बघा, लखलखीत."

मास्तरांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उशीवरच मान हलवली. नाही. आणि तोंडाची जी बाजू हलत होती ती किंचित हसली.

ती स्वयंपाकघरात गेली. "आई, बाबांना काय सांगायचंय? मी म्हटलं तार चांगली आहे, तर नाही म्हणतात."

आई भांडी विसळत होती. "कशाला चांगली राहील? त्यांनीच तपासलं होतं की."

"काय तपासलं?"

"अगं, बेकरीवरून आले ना, त्या आठवड्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला तांब्याची तार गुंडाळली आणि मिठाच्या पाण्यात बुडवून मागच्या खिडकीत ठेवली. मला बरणीला हात लावू द्यायचे नाहीत. रोज बघायचे. एक दिवस म्हणाले, पोरगी बरोबर बोलली, मीच अडाणी."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू बोलावशील, मग सांगू, म्हणायचे." आईने नळ बंद केला. "रोज दाढी करून, बूट घालून पुढच्या खोलीत बसायचे. तू गाडी काढलीस की म्हणायचे, आज घाईत दिसते."

ते बूट तिने पाहिले होते. रोज पाहिले होते. बाबा फिरायला निघालेत, बरं आहे, तब्येतीला चांगलं, असं मनाशी म्हणत ती रोज त्यांच्या समोरून गेली होती.

ती परत खाटेपाशी आली आणि यावेळी खरं बोलली. "माणसांसमोर तसं बोलायला नको होतं मी, बाबा. आणि नंतर बोलवायला हवं होतं. रोज मनात यायचं." ते "हं" म्हणाले. त्या हुंकारात माफी होती, की कंटाळा होता, की नुसतंच ऐकलं असं होतं, हे तिने पुढे अनेकदा ताडून पाहिलं. तिला थांग लागला नाही.

पुढे एका रोपवाटिकेचं काम आलं. तिथे पॅनल छतावर नव्हते, जमिनीवरच, कमरेएवढ्या खांबांवर बसवायचे होते. तिने आईला सांगून मास्तरांना तयार केलं, गाडीत घातलं, आणि रांगेच्या कडेला खुर्चीवर बसवलं. गड्यांनी रामराम केला. तिने एक क्लिप त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवली. त्यांनी अंगठ्याने दात चाचपले.

"आज तुम्ही बघायचं, बाबा. चुकलं की हात वर करा. सगळ्यांसमोर."

ती पहिल्या रेलपाशी बसली, पाना लावला, बोल्ट आवळला. दुसरा आवळला. मोठ्याने सांगत होती, आता हे करतेय, आता ते. तिसऱ्या पॅनलला तिने वळून पाहिलं तर कोवळ्या उन्हात त्यांचा डोळा लागला होता. मान खांद्यावर कलली होती आणि क्लिप हातातून गवतात पडली होती.

"उठवू का मास्तरांना?" एका गड्याने विचारलं.

"नको," ती म्हणाली. उठून तिने त्यांच्या डोळ्यांवर येणारं ऊन अडेल अशी खुर्ची फिरवली आणि पुढच्या रेलकडे गेली.