सुनंदाताईचा पहिला खिळा

मंडळी, आज दुपारी मी एका बाईवर ओरडलो, अन् मग आम्ही सारेच पोट धरून हसलो.

कापसानं लागोपाठ दोन सालं दगा दिल्यावर सुनंदाताई अन् तिचा नवरा उमरखेडकडचं गाव सोडून लोहारा गावातल्या कारखान्यात कामाले आले. नऊ वर्षांत सहा भाड्याच्या खोल्या बदलल्या. घरकुलाच्या कागदांसाठी मी तिच्यासंगं दीड वर्ष हिंडलो. आज चावी भेटली!

दार उघडल्याबरोबर तिनं पिशवीतून बुद्धाचा फोटो काढला. आजवर तो लोखंडी पेटीवर टेकवलेला असायचा. काहून? तर एकही घरमालक भिंतीले खिळा ठोकू देत नव्हता.

तिनं हातोडी उचलली अन् थांबली. मले म्हणे, "भाऊ, ठोकू का? कोणी बोलणार नाही ना?"

मी ओरडलोच, "अवो ताई, कोण बोलीन तुले? मालकीण तूच!"

मग काय, एका फोटोसाठी बाईनं सात खिळे ठोकले!

नवरा म्हणे, "अवं, बाकीच्यायले काय टांगतं?"

"काईच नाई," ती म्हणाली. "भिंत माही हाये."

तुमच्या घरातला पहिला खिळा कोणी ठोकला होता, आठवते का?