बोर्डावरची मावशी

जळगाव जामोदच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी कॉम्प्युटरवर बसायचे, तेव्हाची गोष्ट. फोटोतली तोंडं साफ करणारं एक सॉफ्टवेअर आमच्याकडे नवंच आलं होतं. बटण दाबलं की डाग गेले, सुरकुत्या गेल्या, रंग उजळला. वाढदिवसाचे भाऊ, दादा, युवा नेते सगळे एकाच आईची लेकरं दिसायला लागले. गिऱ्हाईक खूश, मालक खूश. माझं मात्र डोकं फिरायचं, कारण हेच काम आधी मी माऊसने हळूहळू करायचे आणि माणूस माणसासारखा ठेवायचे.

त्याच्या आदल्या हंगामात गुलाबी बोंडअळीने चहूकडचा कापूस खाल्ला होता. बीटी आहे, अळी येणारच नाही, या भरवशावर लोक राहिले आणि बोंडं फोडली तर आत अळी. आमच्या मावशीचं शेत तेवढं पांढरं झालं. काका गेल्यापासून शेती तीच करायची. आणखी थोड्या कापसाच्या आशेने तिने पऱ्हाटी कधी उभी ठेवली नाही. वेचणी संपली की कापसाची झाडं उपटून रान मोकळं करायची, म्हणजे अळीला थारा उरत नाही. फुलं लागली की रोज सकाळी ओळीओळीने फिरून, आत अळी बसल्याने न उमललेल्या डोमकळ्या तोडायची.

पण गावात नाव झालं तिच्या दिराचं. "माह्याच देखरेखीत झालं सारं," असं तो पारावर सांगायचा आणि लोकांना ते पटायचंही. बाई काय शेती करते! मावशीला हे फार लागायचं.

म्हणून उन्हाळ्यात कृषी केंद्राच्या शेठने जाहिरातीच्या बोर्डासाठी तिचा फोटो मागितला, तेव्हा ती लगेच हो म्हणाली. अळीच्या वर्षानंतर बियाण्यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता, शेठला भरवशाचं तोंड हवं होतं. मावशीला वेगळंच हवं होतं. "कापूस कोनाचा व्हता, ते लोकायले दिसू दे," ती मला म्हणाली.

फोटो मीच दिवाळीत मोबाईलवर काढलेला. मावशी कापसात उभी, कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण, गाल उन्हाने करपलेले. मोबाईल पाहून दीर कुठूनसा आला होता आणि मागे कमरेवर हात ठेवून उभा राहिला होता. मी फक्त तिच्या तोंडावरची पदराची सावली उजळली. शेठने नाक मुरडलं. "बोर्डावर शोभलं पाहिजे," म्हणाला. मालकाने माझ्या हातातला माऊस घेतला आणि बटण दाबलं. गोंदण गेलं. मशीनला तो मळ वाटला असणार. मी भांडले, पण दुकान माझं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून एसटीने आली. बोर्ड बसस्टँडसमोर लागला होता. गुलाबी गालांची एक बाई कापसात हसत होती आणि तिच्या मागे, जसाच्या तसा, दीर. मशीनने पुढचंच तोंड धुतलं होतं. मावशीच्याच गावचा एक जण बोट दाखवून दुसऱ्याला म्हणाला, "पाह्य बे, आपला भाऊ बोर्डावर! अन् हे बाई कोन? कंपनीनं पाठवली असंन." मावशी त्यांच्या मागेच उभी होती.

ती रडली नाही. तडक कृषी केंद्रात शिरली, मी तिच्या मागोमाग.

"शेठ, तो बोर्ड पाहून एक तरी मानूस बियाणं मांगाले आला का?"

कोणी आलंच नव्हतं.

"मंग माहं तोंड लावा. माह्यावर लोक भरोसा ठेवतीन. त्या बाहुलीवर काऊन ठेवतीन?"

शेठला धंदा कळत होता. त्याने नवा बोर्ड करायला सांगितलं. दुकानात मावशीला खुर्चीवर बसवून मी मूळ फोटो उघडला. तोंडाला हात लावला नाही. गोंदणाचे ठिपके मोठे करून दाखवले, तेव्हा तिने पडद्यावर बोट फिरवलं. नको असलेली वस्तू काढून टाकायचंही एक बटण त्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. मी कर्सर मागच्या माणसावर नेला.

"याह्यले काढू का?"

"काढ," मावशी म्हणाली. "निंदनाच्या टायमाले कुठी व्हते भाऊजी?"

मी बटण दाबलं. दीर गेला आणि त्याच्या जागी मशीनने आपल्या मनाने कापूस भरला, बोंडावर बोंड. आम्ही दोघी इतक्या हसलो की मालक बाहेरून बघायला आला. त्या सॉफ्टवेअरवरचा माझा सगळा राग त्या दिवशी गेला.

नवा बोर्ड लागला आणि मावशीच्या अंगणात माणसं यायला लागली. ओट्यावर बसलेल्या दिराला रामराम करून पुढे तिच्याकडे जायची. ती प्रत्येकाला पऱ्हाटी वेळेवर उपटायचं आधी सांगायची आणि बियाण्याचं नंतर. शेठला ते फारसं आवडलं नाही. मला भारी आवडलं.

पेरणीच्या तोंडावर मी एकदा तिच्याकडे गेले होते. अंगण माणसांनी भरलेलं. दीर आला, खांद्यावरचा दुपट्टा सारखा करत म्हणाला, "वहिनी, औंदा आपून कोन्तं बियाणं घ्याचं?"

मावशी ज्वारी पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "पहिले सांगा भाऊजी, गेल्या साली कापूस कोनाचा झाला?"

दिराने लोकांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"तुमचा."

"जोरात सांगा. मांगं बसल्यायले आयकू नाही आलं."

त्याने जोरात सांगितलं. मग मावशीने सूप बाजूला ठेवलं आणि त्याला बसायला जागा करून दिली.