रणगाड्यातला वायरलेस आणि अण्णांची आरती

मी सासऱ्यांना कधी उलट उत्तर देत नाही. जे बोलायचं ते त्यांच्या पाठीमागे बोलतो. (संस्कार!)

यंदा गणपतीत काळाचौकीच्या आमच्या सासरवाडीने रणगाड्याचा देखावा केला. मंडळाचे अध्यक्ष माझे सासरे, अण्णा. पहिल्या आरतीचा मान त्यांनी भोईवाड्याच्या जावयाला, म्हणजे मला जाहीर केला. बायकोने ही बातमी थेट दुबईच्या नणंदेपर्यंत पोचवली.

मग मीही पेटलो. चोरबाजारातून महायुद्धातल्या रणगाड्याचा अस्सल वायरलेस सेट उचलून आणला. (आठवडाभर कंबर शेकत होतो.)

"चालतो काय?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, ह्याने युद्ध जिंकलंय!"

आतले व्हॉल्व्ह केव्हाच वारले होते. साऊंडवाल्याने डोक्याला हात लावला आणि सेटचा माईक सरळ मंडळाच्या स्पीकरला जोडला. सेटला खटका होता. एका बाजूला केला की आवाज बाहेर, दुसऱ्या बाजूला केला की फक्त रणगाड्यातल्या जोडीदाराच्या हेडफोनात. अक्षरं झिजलेली.

"खूण करून ठेवू?" साऊंडवाला म्हणाला.

"अरे, मला पाठ आहे!"

संध्याकाळी मी आणि मेव्हणा पप्या रणगाड्यात शिरलो. बाहेर तुफान गर्दी. मी गरजलो, "टँक नंबर दोन, पुढे चला!"

बाहेर शांतता. हेडफोन लावलेला पप्या मात्र कान धरून उडाला.

"बघ, पब्लिक भारावलं," म्हणत मी खटका फिरवला आणि निवांत गप्पांना बसलो. "पप्या, आज आरती मी म्हणतोय म्हणून बरं. तुझे बाबा म्हणायला लागले की उंदीर मोदक टाकून पळायच्या बेतात असतो!"

"भावोजी, हळू..."

"घाबरतोस काय? रणगाडा आहे!" (पुठ्ठा होता.) "अण्णांनी वरचा सूर लावला की अँटॉप हिलची कुत्री उत्तर देतात!"

बाहेर हशा उसळला. देखावा आवडला वाटतं, असं म्हणेपर्यंत तोफेच्या भोकातून बायकोचे डोळे दिसले.

"अहो, खटका!!"

मागोमाग अण्णांचा आवाज. "जावयानू, भायर येवा."

आलो. अण्णांनी शांतपणे आरतीचं ताट माझ्या हातात दिलं. शब्द म्हणजे शब्द! मग तोच माईक माझ्या तोंडासमोर धरला. "म्हणा. एकट्यान. खटको मी सांभाळतंय."

एकानेही साथ दिली नाही. बहीण दुबईहून व्हिडिओ कॉलवर. मी सूर लावला.

पहिलं कडवं संपायच्या आत अख्ख्या गल्लीने हात जोडले. बाप्पाला नव्हे, अण्णांना. "अण्णा, तुम्हीच म्हणा हो!"