डुगडुगणारी खुर्ची

परतकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बाजारातल्या दुकानदारांनी ते प्रेमाने, म्हणजे दातओठ खात, ठेवलेलं. पाण्याचे मीटर तपासण्यात काकांची उभी हयात गेलेली, त्यामुळे वस्तू दिसली की हात आधी दोष शोधायचा. विकत घेताना स्वारी खूश. घरी येऊन खोकं उघडलं की नाकाने कांदे सोलणं सुरू. पंखा कुरकुरतो, इस्त्री जड आहे, घड्याळाचा गजर उद्धट वाजतो! दुसऱ्या दिवशी पावती खिशात आणि खोकं काखेत.

या खोडीत काकूंच्या गुडघ्यांचे हाल होत होते. जमिनीवरून उठताना त्यांचा जीव जायचा. हात असलेली एक खुर्ची हवी होती, बास. काकांनी दोनदा आणली, दोनदा परत केली. शेवटी काकू एकट्याच बाजारात गेल्या आणि खुर्ची घेऊनच आल्या.

"मला न विचारता?" म्हणत काका खुर्चीत बसले. खुर्ची डुगडुगली. काकांचा आनंद गगनात मावेना. "बघ! फसवलं तुला. पावती कुठाय?"

"असेल कुठेतरी. आजचा दिवस राहू द्या हो, जरा पाठ टेकते."

पण डुगडुगणारी वस्तू समोर असताना गप्प बसतील तर ते काका कसले! त्यांनी खुर्ची उलटी केली, आखूड पाय हुडकला आणि जुन्या चपलेची टाच कापून त्याखाली चिकटवली. मग हात खरखरीत लागले, ते घासले. स्क्रू सैल होते, ते पिळले. संध्याकाळी काकू बसल्या आणि 'आई गं' न म्हणता उठल्या.

त्यानंतर घरी येईल त्याला खुर्ची हलवून बघावीच लागायची. "लाव, लाव जोर! आली तेव्हा नाचत होती." पावतीचं नावसुद्धा निघालं नाही.

मग एक दिवस काकूंना सांगून काका त्या खुर्चीच्या दुकानात गेले. दुकानदाराचा चेहरा पडला. "आता काय निघालं?"

"काही नाही. तश्शीच आणखी एक द्या. मला."

"तश्शी नाही हो काका. ती डुगडुगते म्हणून मी बाजूला काढली होती. काकू सगळ्यांवर बसल्या आणि तिच्यासाठीच अडून राहिल्या. म्हणाल्या, चांगली नेली तर उद्या परत येईल."

काकांना आधी राग आला, मग लाज वाटली, आणि घराच्या वळणापर्यंत बायकोचं इतकं कौतुक वाटू लागलं की ते एकटेच हसत चालले होते. दार उघडंच होतं. काकू खुर्चीत बसून मटार सोलत होत्या.

"मिळाली का हो?"

"कसली मिळतेय," काका म्हणाले. "सगळ्या चांगल्याच निघाल्या!"

काकू इतक्या हसल्या की मांडीवरचे मटार घरभर सांडले. खुर्ची मात्र जागची हलली नाही.