शंकरपटात केलेली यादोरावची नक्कल

समस्त पटशौकीन मायबाप, जोडीवाले आणि झाडावर चढून बसलेली मंडळी यांना कळविण्यात येते की, एक अत्यंत गंभीर घोषणा होणार आहे, तरी सर्वांनी शेंगदाणे खाणे थांबवावे. घोषणा अशी — मी हलकट माणूस आहे.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर मी पडलेली स्वप्नंसुद्धा सांगतो.

आमच्याकडे हिवाळ्यात शंकरपट भरतात, बैलजोड्यांच्या शर्यती. अर्जुनी मोरगावपासून कोहमाऱ्यापर्यंत कुठेही पट असो, माइक माझ्या हातात. गाव मला भोंग्या म्हणतं. दोन जोड्यांच्या मधे लोक चहाला पांगू नयेत म्हणून मी नकला करतो — तलाठी, रुसलेला जावई, डुलक्या घेणारा कंडक्टर. माणूस दिसला की त्याची चाल माझ्या अंगात शिरते. त्याला मी काय करू?

बघा, लगेच सबब सुरू झाली.

यादोराव माझा शाळेतला सोबती. फौजेतून हवालदार होऊन परत आला. पुतणीच्या लग्नात वरातीचा सुतळी बॉम्ब फुटला आणि हा ताटासकट टेबलाखाली गेला. कानांवर हात, डोक्यावर वरण. मंडप हसला. बाहेर आला तेव्हा हाही हसला म्हणे. त्या दिवसापासून मात्र तो झोपेना.

त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनीनं, त्याच्यासाठी डॉक्टर कसा शोधला, ते आठवलं की मी अजून थक्क होतो. तालुक्याला झोपेच्या गोळ्या मिळाल्या. एकानं अंगारा दिला. माजी सैनिकांच्या दवाखान्यात कळलं, मनाचा डॉक्टर नागपूरला, त्यासाठी चिठ्ठी लागेल, कार्ड लागेल, फौजेची कागदपत्रं लागतील. धानकापणीच्या दिवसांत ती बाई एसटीनं खेटे घालत राहिली. वेड्यांचा डॉक्टर शोधते म्हणून बायका कुजबुजल्या, तरी थांबली नाही. शेवटी तारीख मिळाली.

यादोराव तयार झाला, पण एका अटीवर — मी सोबत यायचं.

“मले तेथी बोलता येनार नाई, भोंग्या. तूच बोलजो. तुले शब्द सापडतेत.”

आणि तलावाच्या पाळीवर बसून त्यानं मला सगळं सांगितलं. फौजेत शेजारी उभा असलेला जोडीदार कसा गेला. आवाज झाला की आधी गुडघे कसे जातात, मग मान. कशासाठी सांगितलं? मी ते डॉक्टरला सांगावं म्हणून.

तारखेच्या आदल्या दिवशी पट होता, दूरच्या गावात. एक बैल दावं तोडून पळाला, खेळ थांबला, लोक उठू लागले. माझ्या नकला संपल्या होत्या आणि —

नाव घेतलं नाही मी. ‘फौजी मामा’ म्हटलं. आधी गुडघे, मग मान. डोक्यावर चहाच्या कपांचा ट्रे धरून टेबलाखाली गेलो. असा हशा मी आयुष्यात ऐकला नव्हता. तेवढ्यात कुणीतरी खराच सुतळी बॉम्ब फोडला आणि मला टेबलाखालून, धुळीनं माखलेल्या चपलांच्या रांगेत, पॉलिश केलेले तपकिरी बूट दिसले. पटाला बूट पॉलिश करून येणारा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच. उद्याच्या गाडीची वेळ सांगायला आला असावा. बूट थरथरले. मैदानाभोवतीच्या दोराच्या खांबाशी गेले, थोडा वेळ तिथेच थांबले. मग वळले.

लोक म्हणाले, आणखी एकदा. मी आणखी एकदा केलं.

दुसऱ्या दिवशी तो स्टेशनवर आला नाही. मला काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. वहिनीला म्हणालो, ऐन वेळी कच खाल्ली त्यानं, फौजी माणूस हट्टी असतो. तिनं खरं मानलं. पुढची तारीख मिळायला जवळजवळ वर्ष गेलं. त्या वर्षात तो एकाही लग्नाला गेला नाही. सख्ख्या भाचीच्याही नाही. मी मात्र रोज स्वतःला समजावत होतो की ते बूट दुसऱ्या कुणाचे असतील.

मग एका सकाळी तो दारात उभा. “उद्या येतं का?” एवढंच. अर्जुनीहून गोंदिया, गोंदियाहून नागपूर. खिडकीची जागा मला दिली.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं हळूच विचारलं, आवाज झाला की नेमकं काय होतं? यादोरावनं तोंड उघडलं, शब्द येईना. आणि मी — ज्याला शब्द सापडतात तो — भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

मग तो परेडला उभा असावा तसा ताठ झाला. भरधाव जोड्या मी शेकड्यांनी पाहिल्यात, पण त्या माणसानं त्या खुर्चीत जो श्वास घेतला, त्याच्यासारखं काही पाहिलेलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि एकदम बोलून गेला —

“म्याडम, याले सांगा करून दाखवाले. मी पायलो हाय. मायापेक्षा बेस करते.”