भरायचं एकदा, ओढायचं रोज

खांबेटे काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचं तोंड पाइपात होतं. जर्मनीत लुडविग्सहाफेनहून गाडीनं पाऊण तासावर, जंगलाला टेकलेल्या एका गावात आम्ही नुकतंच घर घेतलं होतं भाड्यानं. खोकी ठेवायला इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, उतरले, तर सत्तरीचे एक गृहस्थ गुडघ्यांवर बसून सांडपाण्याच्या करड्या पाइपाच्या वाकड्या तोंडात नाक-हनुवटी घालून बघत होते. मी "हॅलो" म्हटलं. पाइपातून घुमत उत्तर आलं, "मराठीत बोल गं, बेलवरची पाटी वाचलीय मी." मग तोंड बाहेर काढून चष्मा पुसत म्हणाले, "हरणाचं तोंड माझ्यापेक्षा निमुळतं. माझं सुखरूप बाहेर आलं म्हणजे तिचंही येणार. गेनाऊ? बरोबर ना?"

काका मूळचे सांगलीचे. पस्तीस वर्षं त्यांनी एका रसायनांच्या कारखान्यात नोकरी केली, आणि काम काय, तर उंच टाक्यांतून भुकटी खाली किती वेगानं पडावी हे ठरवायचं. निवृत्त झाल्यावर हे ज्ञान हरणांच्या सेवेत रुजू झालं. त्यामागं काकू होत्या. पहिली पोळी गाईची, हा त्यांचा नेम. जर्मनीत दारात गाय कुठून येणार, म्हणून त्या ती पोळी मागच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली ठेवायच्या, आणि जंगलातून एक हरणी येऊन ती खायची. तिचा डावा कान फाटलेला होता. मी तिथं जायच्या आधीच काकू गेल्या होत्या. काका म्हणायचे, "मला स्वयंपाकातलं काही येत नव्हतं. नंतर एकच पोळी शिकलो, ती तिची. माझं काय, मला इथला ब्रोट-पाव चालतो." उघड्यावर ठेवलेली पोळी पावसात भिजायची, नाहीतर कावळे न्यायचे. म्हणून हा पाइप. तो झाडाला उभा बांधायचा, वरून पोळीचे सुके तुकडे आणि थोडे गहू टाकायचे, आणि खालच्या वाकड्या तोंडातून हरणी खाणार.

त्या वर्षांत मी सदा दमलेली असे. नवऱ्याची नोकरी बॉनला, तो शुक्रवारी येई आणि सोमवारी पहाटे जाई. मी रोज सकाळी गाडी पकडायला पळायची आणि संध्याकाळी परतताना डब्यातच डुलक्या काढायची. जिन्यात काका भेटले की मी एक पाय पायरीवर ठेवून त्यांना भराभर काहीतरी सांगत सुटे. ते हात वर करायचे. "आल्झो, बस आधी. दमलेल्या माणसानं उभ्यानं बोलू नये. जे नको ते बोलून जातो." त्यांच्या केलरमध्ये माझ्यासाठी म्हणून एक स्टूल होतं. मी क्वचितच बसले.

तिसऱ्या हिवाळ्यात काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर तीन आठवडे रेहामध्ये राहायचं, व्यायामासाठी. त्यांना गुडघ्याची काळजी नव्हती, काळजी हरणीच्या घासाची होती.

"रोज सकाळी एक पोळी, एवढंच," ते म्हणाले.

"काका, मी स्वतःसाठी करत नाही हो पोळ्या. रोजचं नाही जमणार मला. एकदाच भरून ठेवता येईल असं काहीतरी करा ना."

मग चार दिवस खपून त्यांनी पहिल्यापेक्षा दुप्पट उंच पाइप बनवला. त्यात मधोमध पत्र्याची एक पट्टी होती. पट्टी ओढून परत ढकलली की खाली मोजून एक वाटी पडायची, जास्त नाही. "भरायचं एकदा, ओढायचं रोज," त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवलं आणि माझ्याकडून करूनही घेतलं. त्यांच्या पोळ्यांचा चुरा आणि गहू मिळून पाइप गच्च भरला आणि ते टॅक्सीत बसले.

दोन दिवस मी पट्टी ओढली. तिसऱ्या दिवशी बर्फ पडलं. मला उशीर झाला होता, पट्टी गोठून बसली होती, बोटं बधिर झाली होती. मी ती हिसडून पार बाहेरच काढली आणि जिन्यातल्या खिडकीत टाकली. पडेल आपोआप, खाईल बिचारी पोटभर, असं मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर मला पुढच्या तीन आठवड्यांचं काम एका झटक्यात संपवायचं होतं.

चौथ्या सकाळी हरणी झाडाखाली आडवी पडलेली होती. पोट टम्म फुगलेलं, फाटका कान बर्फावर पसरलेला. मी ऑफिसला कळवलं आणि वनरक्षकांना फोन केला. ते आले, हिरवी टोपी काढून तिच्याजवळ बसले, मग रिकाम्या पाइपाकडे बघत राहिले. त्यांचा आवाज चढला नाही. थंडीत यांचं पोट डहाळ्या आणि वाळक्या गवताला सरावलेलं असतं, म्हणाले. मूठभर दाणे निभले असते. इतकं धान्य एकदम खाल्लं की पोटात आम्ल होतं आणि जनावर तडफडून मरतं. शिवाय रानातल्या जनावरांना असं कुणीही खायला घालायचं नसतं, त्याचा कायदा आहे. मग त्यांनी विचारलं, "हे कुणाचं?"

मी काकांना फोन लावला आणि वनरक्षकांच्या हातात दिला. पलीकडून काकांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. त्यांनी जर्मनमध्ये एवढंच सांगितलं: पाइप माझा, गहू माझे, भरला मीच. मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले. आजही ते आठवलं की मला माझी शरम वाटते.

सरकारी ताकीद काकांच्या नावानं आली. कचरा वेगळा करायच्या चार डब्यांतही कधी चूक न केलेला माणूस तो. रेहाहून परतल्यावर पत्राची घडी घालत म्हणाले, "इथल्या इतक्या वर्षांत असलं ब्रीफ पहिल्यांदाच." काठी टेकत जिना चढताना ते खिडकीपाशी थांबले, पट्टी उचलली, उलटसुलट केली आणि खिशात घातली. मला काहीही विचारलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी दोन्ही पाइप करवतीनं कापले. मी मदतीला गेले तर म्हणाले, "काकूचा घास एकच असायचा गं. मी त्याची टाकी केली."

मला वाटलं, आता पोळी बंद होईल. पण सोमवारी संध्याकाळी माझ्या दाराच्या कडीला कापडी पिशवी लटकत होती. आत एक पोळी, तुपाचं बोट फिरवलेली, आणि चिठ्ठी: 'बसून खा.' त्यानंतर काका घरात असतील त्या प्रत्येक दिवशी ती पिशवी आली. पोळी कधी जाड, कधी एका बाजूला करपलेली. मी ती ओट्याशी उभी राहून, मोबाइल बघत खायची. सांगायचं रोज मनात यायचं आणि रोज उद्यावर जायचं. अशी चार वर्षं गेली.

गेल्या फेब्रुवारीत काका गेले. त्याच्या चार दिवस आधी मी ऑफिसातून परस्पर हॉस्पिटलात गेले. खांद्याला बॅग, अंगात कोट, आणि पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून मी काहीबाही बोलत सुटले: गाडी उशिरा आली, पार्किंग मिळेना, तुमची पिशवी धुऊन ठेवलीय. त्यांनी चादरीवरचा हात जेमतेम उचलला.

"बस आधी."

मी बसले. कोटही काढला. मग सांगितलं, "काका, ती पट्टी मी काढून ठेवली होती."

"माहीत आहे. खिडकीत होती ना."

"मग चार वर्षं बोलला का नाहीत हो?"

काकांनी डोळे मिटून घेतले. त्यांचा आवाज फार थकला होता.

"रोज उभीच असायचीस गं. म्हटलं, बसशील तेव्हा बोलू."