नव्या इंजिनाचा धूर

राजमहंमद मिस्त्रीचा कुणावरच विश्वास नसे. घोडेगावात मंचर रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं, आणि डिझेल गाड्यांच्या कामात अख्ख्या आंबेगाव तालुक्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर काय सांगतो ते तो ऐकायचा, पण ऐकता ऐकता त्याची नजर बॉनेटखाली गेलेली असायची. "ड्रायव्हर खोटं बोलतो, मालक अर्धंच बोलतो. खरं काय ते इंजिन बोलतं," असं म्हणत तो डीपस्टिक ओढायचा, ऑइल दोन बोटांत चोळायचा, नाकाशी न्यायचा. सीलबंद डब्यातलं ऑइलही वास घेतल्याशिवाय ओतायचा नाही. त्याची बायको गुलशन म्हणायची, "घरच्या दुधाचा बी वास घेत्यात. मला तर वाटतं, लग्नाआधी माझी बी चौकशी चार गावांत केली असंल."

ती खरंच केली होती.

त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सोहनलालशेठ. शेठचे आजोबा राजस्थानातून आले आणि इथंच राहिले. हिरड्याची खरेदी आणि किराणा असा त्यांचा व्यापार. त्यांच्या दारात दोन पिकअप उभ्या असत. एक ब्याण्णव सालची, बोजड, चढाला कण्हत जाणारी. दुसरी नव्याण्णव साली घेतलेली, दुसऱ्या कंपनीची, हलक्या आवाजाची आणि चढाला चपळ. त्या काळात ज्याला त्याला पिकअप घ्यायची होती, त्यामुळे बाजारपेठेत चहाच्या टपरीवर या दोन गाड्यांचीच तुलना चाले. शेवटी लोक मिस्त्रीला विचारत, "कोणचं इंजिन जास्त टिकंल?"

"जुनं मंद हाय, पण त्याला मरायची घाई न्हाई," मिस्त्री सांगायचा. "नव्याचं अजून बघायचंय. गोड बोलणारा पावणा आन आवाज न करणारं इंजिन, दोघांवर नजर ठेवावी."

नव्या गाडीवर कुशाबा ड्रायव्हर होता. जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकचा, तिशीतला, अबोल माणूस. घोडेगावात एक खोली घेऊन एकटाच राहायचा. किराणा घेऊन पोखरीच्या घाटाने भीमाशंकरला जायचं, येताना आहुपे खोऱ्यातल्या कच्च्या रस्त्यांनी वाड्यावस्त्यांवरचा हिरडा गोळा करायचा, हे त्याचं काम.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात नवी गाडी निळसर धूर सोडू लागली. आठवड्याला ऑइल कमी व्हायला लागलं. मिस्त्रीने इंजिन खोललं. आतली लायनर आणि पिस्टनच्या रिंगा अशा झिजल्या होत्या की जणू गाडी पंधरा वर्षं चालली असावी. जुनी गाडी मात्र दोन लाख किलोमीटर होऊनही ठणठणीत.

"इंजिनच कच्चं दिसतंय," शेठ म्हणाले.

मिस्त्रीने नकारार्थी मान हलवली. तो केबिनमध्ये शिरला, सीटच्या मागे हात घातला आणि पाच लिटरचा एक कॅन बाहेर काढला. टोपण उघडून वास घेतला. रॉकेल होतं.

त्या दिवसांत डिझेलमध्ये रॉकेल घालून वाचलेलं डिझेल बाहेर विकणारे ड्रायव्हर होतेच. मिस्त्रीने कॅन शेठच्या पुढ्यात ठेवला.

"स्टोव्हसाठी हाय ते, शेठ," कुशाबा म्हणाला. "रेशनला आणलंय. खोलीवर न्यायचं राहिलं."

"राहिलं," मिस्त्री म्हणाला. "सगळ्यांचं असंच राहतं."

आठवडे बाजाराचा दिवस होता. गॅरेजपुढे माणसं जमली होती. शेठ सहसा आवाज चढवत नसत, पण त्या दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत कुशाबाला चोर म्हटलं आणि किल्ली काढून घेतली. कुशाबा मिस्त्रीकडे बघत राहिला. मग खोलीवरची वळकटी उचलून बोरीला निघून गेला. 'रॉकेलवाला' हे नाव त्याच्या आधी तिकडे पोचलं. नारायणगावात, जुन्नरात, कुणीच त्याला गाडी दिली नाही.

मिस्त्रीने इंजिन नव्याने बांधलं. शेठनी गाडी आपल्या पुतण्याला, पिंटूला दिली. पिंटू हिशेबी माणूस. डिझेल स्वतः उभा राहून भरायचा, रात्री गाडी कुलपात ठेवायचा.

दोन वर्षांनी गाडीने पुन्हा निळा धूर सोडला.

"आता बोला, मिस्त्री," शेठ म्हणाले. "माझा पुतण्याच रॉकेल घालतो म्हणा!"

मिस्त्री ते म्हणू शकत नव्हता. म्हणून त्याने दुसरीकडे संशय घेतला. रिंगा डुप्लिकेट मिळाल्या असतील. मग कंपनीवर. मग इंजिनातल्या डिझेल पंपावर, कारण तो पहिल्यापासून बदललाच नव्हता. तो पंप काढून त्याने मंचरला तपासायला नेला. तिथला कारागीर सावळाराम, पंपाशिवाय दुसरं काही न करणारा माणूस. त्याने पंप उघडून भिंगाखाली धरला.

"मिस्त्री, ह्या पंपाला काय धाड भरलीय? नव्यासारखा हाय."

"नीट बघ. ह्या गाडीत रॉकेल घालायचे."

"कोण म्हणतं? रॉकेलला डिझेलचा ओशटपणा नसतो. रॉकेल प्यालेला पंप आधी खरवडतो, मग बाकीचं इंजिन. ह्यानं थेंबभर बी प्यालेलं न्हाई."

मिस्त्री बसमध्ये पंप मांडीवर घेऊन घोडेगावला परतला. हे सावळारामने सांगायची गरज नव्हती, ते त्यालाही ठाऊक होतं. त्या दिवशी रॉकेलचा वास आला आणि त्यापुढे त्याने बघितलंच नव्हतं.

रॉकेल नाही, तर रिंगा कशाने झिजल्या? धुळीने. इंजिनात धूळ जात असली पाहिजे. तो गाडीखाली शिरला. एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप होता. वरून तो धडधाकट दिसत होता. त्याने खालच्या अंगाने बोट फिरवलं, तर बोट एका चिरेत गेलं. पाइप काढला. आत पिठीसारखी तांबडी माती बसली होती. आहुपे खोऱ्यातली.

चीर पडली होती ती पाइपला आवळलेल्या तारेमुळे. तिथे कंपनीची क्लिप नव्हती, तार होती. तीन पीळ देऊन टोक आत वळवलेलं. तालुक्यात तसा पीळ एकच माणूस देत असे.

मग त्याला सगळं आठवलं. दोन हजार सालच्या उन्हाळ्यात पोखरीच्या घाटात या पाइपची क्लिप तुटली होती. कुशाबाने निरोप धाडला, तेव्हा मिस्त्री स्वतः जाऊन तार बांधून आला होता. "चार दिवसांत क्लिप आणून बसवतो," असं म्हणाला होता. कुशाबाने पुढे दोनदा आठवणही करून दिली होती. पुढच्या वर्षी इंजिन बांधताना आतलं सगळं नवं घातलं, आणि हाच पाइप याच तारेनं पुन्हा जोडला.

गॅरेजमध्ये दुसरं कुणी नव्हतं. तार कापून नवा पाइप बसवला असता, तर कुणाला कळलं नसतं. तो बराच वेळ मातीने माखलेली आपली बोटं बघत बसला. मग पाइप तसाच उचलून भरबाजारातून शेठच्या दुकानात गेला आणि गल्ल्यासमोर ठेवला.

"इंजिन चांगलं व्हतं, शेठ. ड्रायव्हर बी."

शेठनी पाइप हातात घेतला, तार बघितली. पाइप त्यांनी गल्ल्यावर परत ठेवला. मग म्हणाले, "चोर तर मी म्हटलं त्याला. तुम्ही फक्त कॅन दिला."

दुसऱ्याच दिवशी दोघे जुन्या पिकअपमधून बोरीला गेले. कुशाबा भावाच्या शेतात कांदा काढत होता. त्याने दोघांना बांधावर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. पाइप हातात घेऊन त्याने तारेवरून अंगठा फिरवला.

"मिस्त्री, त्या दिवशी पंप का न्हाई उघडला?"

"गरज वाटली न्हाई."

"मला चोर ठरवायला कॅन पुरला." कुशाबा उठला. "हितं बांधावर सांगून काय उपेग? मला जिथं म्हनलं, जितक्या लोकांत म्हनलं, तिथंच सांगा."

शेठनी त्याला पुन्हा कामावर यायची गळ घातली. तो नाही म्हणाला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी राजमहंमद गॅरेजपुढे उभा राहिला आणि त्याने पाइप दाखवून जमलेल्या लोकांना सगळं सांगितलं. काहींना हसू आलं, काहींनी मान खाली घातली. शेठच्या गाडीचा धूर बघून तसल्याच गाडीचं बुकिंग रद्द केलेला गेणभाऊ म्हणाला, "म्हंजे इंजिन फसवं नव्हतंच, मिस्त्रीच फसवा निघाला."  शेठ शेजारी उभे होते. त्यांनीही आपल्या तोंडाने माफी मागितली. कुशाबा मात्र आला नव्हता.

बातमी बोरीपर्यंत पोचायला वेळ लागला, पण पोचली. सहा महिन्यांनी कुशाबाला एका दूधवाल्याची पिकअप मिळाली. योगायोगाने तिचं इंजिनही शेठच्या नव्या गाडीसारखंच होतं. लोक अजूनही विचारत, कोणतं इंजिन टिकाऊ. मिस्त्री आता उलट विचारी, "गाडीचं काम कुणाकडनं करून घेता?"

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात कुशाबा ती दुधाची गाडी एअर फिल्टर बदलायला घोडेगावला घेऊन आला. जुन्नरला दोन गॅरेज असताना इतक्या लांब का आला, ते त्याने सांगितलं नाही, मिस्त्रीनेही विचारलं नाही. चहा सांगितला तर नको म्हणाला. बॉनेट उघडलं, तसा तो मिस्त्रीच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला आणि काम संपेपर्यंत हलला नाही.

"पाइपची क्लिप नवी हाय का?"

"नवी हाय."

"दाखवा."

राजमहंमदने अंग चोरून त्याला जागा करून दिली आणि बॅटरीचा उजेड पाइपवर धरला. कुशाबाने वाकून खालच्या अंगाने बोट फिरवलं आणि ते उजेडात धरून बघितलं. माती लागली नव्हती.

"बसवा आता फिल्टर," तो म्हणाला.